दिनविशेष : २९ डिसेंबर
परभणीचा पारा २ अंशांवर

२०१८ : परभणीतील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान २ अंश सेल्सिअस नोंदले गेले. तेथील याआधीचा नीचांक १७ जानेवारी २००३ चा, २.८ अंशांचा होता. त्याच पहाटे नागपूरचा पाराही ३.५ अंशांवर घसरला. तुलनेसाठी, मुंबईचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा.

उन्हाळ्यात पंचेचाळिशीच्या घरात तापणारी परभणी हिवाळ्यात एवढी गारठते कशी? उत्तरेचे कोरडे, थंड वारे येतात, आभाळ निरभ्र असते आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता झपाट्याने सोडून देते. समुद्र दूर असल्याने हवेत ओलावा कमी. म्हणून पहाटे पारा झरझर उतरतो. विद्यापीठाचा परिसर मोकळा, शेतांनी वेढलेला असल्याने तिथला आकडा शहरातल्या दाट वस्तीपेक्षा कमी भरतो.

हीच थंडी रब्बीतल्या गहू-हरभऱ्याला मानवते. केळीला मात्र ती सोसत नाही. पारा १० अंशांखाली गेला की केळीची वाढ मंदावते, नवे पान पोंग्यातच अडकते. अशा वेळी बागेला रात्री किंवा पहाटे विहिरीचे पाणी द्यावे, बांधावर ओलसर काडीकचरा पेटवून धूर करावा आणि घडांना सच्छिद्र पिशव्या घालाव्यात.