मंगळवारी रात्री आठ वाजता

१९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी अख्खी चाळ, हा नियमच झाला. 'चिमणराव' लागला की पोरं जमिनीवर, मोठी माणसं खाटेवर आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. आपल्या ज्येष्ठ सभासदांना हे सांगायला नको! पण हाच प्रकार अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षं आधी होऊन गेला होता. तिथली गर्दी जमायची मिल्टन बर्लसाठी.

बर्ल १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. घरची स्थिती बेताची. लहानपणी चार्ली चॅप्लिनची नक्कल करून त्याने बक्षीस मिळवलं आणि आईने ठरवून टाकलं, पोरगं स्टेजवरच जाणार. मूकपटांत छोटी कामं, मग 'व्होडव्हिल'चे दौरे. व्होडव्हिल म्हणजे गाणं, नाच, नकला, जादू, सगळी मिसळ. आई कायम बरोबर. प्रेक्षकांत बसून सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने तीच हसायची, म्हणजे बाकीचे हसलेच! मुलगा चाळिशीला आला तरी बाईंनी हे काम सोडलं नाही.

रेडिओवर मात्र त्याचं फारसं जमलं नाही. बरोबरच आहे. ज्याचा विनोद वेड्यावाकड्या तोंडात, बायकी झग्यात आणि धडपडण्यात, त्याचं नुसत्या आवाजाने काय होणार?

१९४८ च्या जूनमध्ये एनबीसीवर 'टेक्साको स्टार थिएटर' सुरू झालं. दर मंगळवारी, रात्री आठला. व्होडव्हिलमध्ये घासून गुळगुळीत झालेला सगळा माल त्याने तिथे ओतला. लोकांनी त्याच्यासाठी टीव्ही विकत घेतले. त्याला 'मिस्टर टेलिव्हिजन' हे नावच पडलं. पोरांचा तो 'अंकल मिल्टी'.

१९५१ मध्ये एनबीसीने खूश होऊन त्याच्याशी चक्क ३० वर्षांचा करार केला. इथेच गोची झाली, असं मला वाटतं. लोकांची आवड ३० वर्षं कुठली टिकायला! १९५६ मध्ये कार्यक्रम बंद पडला. आई त्याआधीच, १९५४ मध्ये गेली होती. आता काम नाही, आणि करारामुळे दुसऱ्या चॅनेलवर जायची सोय नाही. १९६० च्या सुमारास हा माणूस बोलिंगच्या सामन्यांचा कार्यक्रम चालवत होता, मधल्या वेळात विनोद सांगत. शेवटी १९६५ साली कमी पैसे पत्करून त्याने तो करार सैल करून घेतला आणि पुन्हा मिळेल तिथे कामं करू लागला. २००२ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी तो गेला.