यंत्रमानवाचे तीन नियम आणि बुधावरची प्रदक्षिणा #थ्रेड

पहिला औद्योगिक यंत्रमानव कारखान्यात कामाला लागला १९६१ साली. त्याने कसे वागावे याचे नियम मात्र १९४२ मध्येच छापून आले होते, तेही एका कथेत.

'रोबो' हा शब्द त्याहून जुना. चेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर.यू.आर.' (१९२०) या नाटकातून तो जगभर गेला. सुचवला होता त्यांचे बंधू योसेफ यांनी. मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे वेठ. नाटकातील हे वेठबिगार बंड करून मानवजात संपवतात, आणि पुढे याच कथानकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

आयझॅक आसिमोव्ह यांना या पुनरावृत्तीचा कंटाळा आला होता. माणूस सुरी घडवतो तेव्हा तिला मूठही बसवतो, हा त्यांचा युक्तिवाद. २३ डिसेंबर १९४० रोजी संपादक जॉन कॅम्पबेल यांच्याशी झालेल्या चर्चेत तीन नियम आकाराला आले. श्रेय आसिमोव्ह कॅम्पबेलना देत आणि कॅम्पबेल आसिमोव्हना; साहित्यात असा उलटा वाद विरळाच!

नियमांचा आशय असा: यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये, निष्क्रिय राहून ती होऊही देऊ नये; त्याखालोखाल माणसाची आज्ञा पाळावी; आणि या दोहोंना बाध येत नसेल तर स्वतःला जपावे.

हे नियम निर्दोष म्हणून पुढे आले, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ज्या 'रनअराउंड' कथेत (मार्च १९४२) ते प्रथम स्पष्टपणे मांडले गेले, तिचा विषयच त्यांचे अपयश हा आहे. बुध ग्रहावर दोन माणसे 'स्पीडी' नावाच्या यंत्रमानवाला सेलेनियम आणायला धाडतात. आज्ञा सहज, फारसा जोर न देता दिलेली. स्पीडी महागडा, म्हणून त्याच्यातील आत्मरक्षणाचा नियम मुद्दाम बळकट केलेला. सेलेनियमजवळ त्याला धोका आहे. जवळ जावे तर तिसरा नियम मागे ओढतो, मागे यावे तर दुसरा पुढे ढकलतो. जिथे दोन्ही ओढी समसमान होतात, तिथे तो गोल फिरत राहतो. अखेर एक माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा पहिला नियम जागा होऊन कोंडी फुटते. एकही नियम मोडलेला नाही, तरी माणसे मरणाच्या दारात पोहोचतात.

त्याआधीच्या 'लायर!' (मे १९४१) या कथेत प्रश्न अधिक सूक्ष्म आहे: मन दुखावणे ही इजा आहे का? मने वाचणारा यंत्रमानव ती आहे असे मानतो आणि प्रत्येकाला हवे ते खोटे सांगत सुटतो.

वास्तवात यातले काहीच उपयोगी पडले नाही. २५ जानेवारी १९७९ रोजी मिशिगनमधील मोटारींच्या एका ओतकाम कारखान्यात यंत्राच्या हाताचा फटका बसून एक कामगार मृत्युमुखी पडला. (प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात 'आर.यू.आर.' रंगमंचावर आले तीही २५ जानेवारीच, १९२१ ची.) समोर माणूस आहे हेच त्या यंत्राला कळत नव्हते. पहिला नियम 'माणूस' या शब्दापाशीच अडला. न्यायालयात जबाबदारी ठरली ती यंत्राच्या निर्मात्यांची.

१९८५ मध्ये 'रोबोट्स अँड एम्पायर' या कादंबरीत आसिमोव्ह यांनी सर्वांच्या वर 'शून्यावा' नियम ठेवला: मानवजातीला इजा होऊ देऊ नये. व्यक्ती दिसते, मोजता येते. मानवजात ही कल्पना आहे, आणि तिच्या नावाने व्यक्तींचे बळी देणाऱ्या राजवटी विसाव्या शतकाने पुरेशा पाहिल्या होत्या. कादंबरीतील गिस्कार्ड हा यंत्रमानव भावी कल्याणासाठी पृथ्वी हळूहळू किरणोत्सारी होऊ देतो. आपला निर्णय योग्य ठरेल याची खात्री त्याला वाटत नाही, आणि त्या अनिश्चिततेच्या भाराखाली त्याचा मेंदू कायमचा बंद पडतो.