भीमाशंकरच्या घंटेचा मनोरा

भीमाशंकरला शनिमंदिरासमोर दोन दगडी खांबांच्या मध्ये एक मोठी घंटा टांगलेली आहे. लहानपणी आम्ही निगडीहून वर्षातून एकदा एसटीने तिथे जायचो. बाबा मला उचलून घ्यायचे आणि 'चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली' हे एकच वाक्य दर वर्षी ऐकवायचे. मला ते पुरेसं होतं. घंटा म्हणजे जिंकलेली वस्तू, आणि जिंकलेल्या वस्तूचा आधीचा पत्ता कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ऑफिसातल्या मित्राबरोबर चाकणहून बाईकवर गेलो. तो वसईच्या खेड्यातला, कॅथलिक. धुक्यातून पायऱ्या उतरून आम्ही घंटेपाशी आलो. तिच्यावरचा क्रूस मला माहीत होता, त्याला नव्हता. त्याने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "इतक्या खाली कशी? घंटा बघायला मान वर करायची असते."

मला तोपर्यंत हे कधी सुचलंच नव्हतं. देवळातली घंटा हाताच्या उंचीवर असते, कारण ती येणाऱ्याने वाजवायची असते. मी आलोय, हे देवाला कळवायचं. चर्चची घंटा नेमकी उलट दिशेला बोलते, आतून बाहेर, गावाला उद्देशून. म्हणून तिला उंची लागते आणि उंचीसाठी मनोरा. भीमाशंकरला आहे ती घंटा म्हणजे एका इमारतीचा सुटा भाग आहे. बाकीची इमारत बघायला मी त्या दिवाळीत वसईला गेलो.

वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधली दोनशे पाच वर्षं किल्ल्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या संघांनी चर्च बांधली. पण ती संघांची. नगराचं स्वतःचं चर्च म्हणजे संत जोसेफचं 'मात्रिझ'. या पोर्तुगीज शब्दात आई दडलेली आहे. बाप्तिस्मा, लग्न, मयत, नोंदवही हे सगळं जिथे, ते मात्रिझ. वसईचे ख्रिस्ती त्या कारभाराला आज 'धर्मग्राम' म्हणतात. शब्द नवा घडवलेला असला तरी मला तो आवडतो, त्यात गाव आहे.

मात्रिझवरच्या शिलालेखात १६०१ साल आहे. आलेशो द मेनेझिस आर्चबिशप आणि पेद्रो गाल्वाँव परेरा व्हिकर असताना चर्च नव्याने बांधलं, असा त्याचा मजकूर. छप्पर केव्हाच गेलंय. लोक बसायचे त्या लांबट दालनात आता गवत असतं आणि प्री-वेडिंगवाले फोटोग्राफर असतात. टोकाला वेदीची जागा, तिच्यापुढे दगडी कमान. दर्शनी बाजूला मनोरा आहे, आत गोल फिरत वर जाणारा अरुंद जिना. बाप्तिस्म्याच्या छोट्या खोलीच्या छतावर गिलाव्यातल्या नक्षीच्या खुणा उरल्यात. इथला दगड तेव्हा फार नावाजलेला होता. वसईचा दगड जहाजांतून गोव्याला जायचा आणि तिथल्या चर्चच्या दर्शनी भागांवर कोरला जायचा.

मी सगळ्यात जास्त वेळ पाहिल्या त्या मनोऱ्याच्या वरच्या रिकाम्या कमानी.

भीमाशंकरची घंटा इथलीच, असं मी म्हणत नाही. परंपरा फक्त 'वसई' म्हणते. पण तेव्हा वसई म्हणजे एक तटबंदी नव्हती, तो प्रांत होता. सांडोर, पापडी, निर्मळ, आगाशी, गावोगावी धर्मग्राम आणि त्याची घंटा. अशा घंटा पुढे बऱ्याच ठिकाणी पोचल्या: पालीला बल्लाळेश्वराकडे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, नाशिकला नारोशंकराच्या देवळावर. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. नाशिकच्या घंटेवर १७२१. म्हणजे वसई पडली तेव्हा नाशिकची घंटा अवघी अठरा वर्षांची होती आणि मेणवलीची बत्तीस. आपण त्यांना 'प्राचीन' म्हणतो. ज्या लोकांनी त्या गमावल्या, त्यांच्यातल्या कित्येकांना त्या नव्या टांगल्याचं आठवत असणार.

आणखी एक गोष्ट आपण चुकीची म्हणतो. क्रूस 'कोरलेला' नसतो. घंटा ओतताना आधी विटामातीचा गाभा करतात, त्यावर मातीचीच खोटी घंटा चढवतात आणि अक्षरं, साल, क्रूस, संत हे सगळं मेणात करून तिच्यावर चिकटवतात. वरून बाहेरचा साचा बसतो. तापवल्यावर मेण वितळून जातं, त्याचा ठसा साच्यात राहतो. मग खोटी घंटा फोडून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. त्यामुळे चित्र उठावदार येतं, बोटाला लागतं. पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा क्रूस हा पोर्तुगीज घंटांवरचा नेहमीचा नमुना. एवढं काम करून ती वस्तू मनोऱ्यात चढवायची, जिथे पाखरं आणि घंटा वाजवणारा सोडून कुणी ते पाहणार नाही. मारियेचा चेहरा लोकांना जवळून दिसला तो मेणवलीच्या घाटावर, देवळाशेजारी.

धातू मात्र ओळखीचा. सुमारे ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. आपल्या काशाच्या वाटीचं प्रमाणही जवळपास हेच. कथील वाढलं तर घंटा ठिसूळ होते, कमी झालं तर आवाज बसतो. माझं काम गिअरबॉक्सच्या आवाजाच्या डेटाचं, तेव्हा हा भाग मी जरा जास्तच वाचला. युरोपीय घंटेच्या आकारामुळे तिच्या एका ठोक्यात अनेक स्वर एकदम निघतात, आणि मूळ स्वराच्या वर एक ठळक ऐकू येतो तो, आपल्या भाषेत, कोमल गंधार. त्या घंटांचा आवाज उदास का वाटतो, याचं हे एक साधं कारण. भीमाशंकरला आरतीच्या गलक्यातही तो कान दिल्यावर सापडतो.

या सगळ्यातून बाबांचं वाक्य खोटं ठरत नाही. निर्मळचं तीर्थ पोर्तुगीजांनीच मोडलं होतं. देवळं पाडून त्या जागी आणि त्या दगडांत चर्च उभी राहिली, आणि इन्क्विझिशनचा हात वसईपर्यंत पोचत होता. ती घंटा ज्यांच्या कानांवर पडली, त्यांतल्या अनेकांना ती हुकमासारखी वाटली असेल. ती उतरवून सह्याद्रीत नेणाऱ्यांचा आनंद मला कळतो. त्यांनी ती वितळवून तोफ केली नाही, हेही मी नोंदवून ठेवतो. तेव्हा घंटेची तोफ होणं नवलाचं नव्हतं. पण मराठ्यांच्या अंमलात वसईचे ख्रिस्ती तिथेच राहिले, त्यांची उपासना चालू राहिली, आणि ते आपलीच भाषा बोलणारे लोक होते. बाबांच्या वाक्यात ते नव्हते.

वसईहून परतायच्या आदल्या संध्याकाळी मित्राच्या घरी ओट्यावर बसलो होतो. त्याची आजी घरात कादोडी बोलते, माझ्याशी मराठी. चर्चला ती 'देऊळ' म्हणते, त्यामुळे बोलताना दोनदा माझा गोंधळ झाला. मित्राने तिला भीमाशंकरचा फोटो दाखवला. तिने मोबाइल लांब धरला, मग जवळ.

"ही कुणाची?"

"आपल्या बाजूची, आजी. लढाईत नेलेली."

एवढ्यात आंजेलसची घंटा झाली. ती बोलायची थांबली, क्रूसाची खूण केली, ओठ हलत राहिले. ठोके संपल्यावर तिने मला विचारलं, "तुमच्याकडची अजून वाजते काय?"

"वाजते, आजी. रोज."

"तडा नाही ना गेला?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि फोटो पुन्हा एकदा मागितला.