लिनक्स कर्नल व आभासी यंत्रे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आभासी यंत्रासाठी संगणकरचनेच्या अटी पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडल्या. एक्स८६ रचना त्यांत बसत नव्हती. म्हणून १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आज्ञांच्या तात्कालिक रूपांतराचा मार्ग स्वीकारला. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच साहाय्य पुरविले. त्यावर आधारित, अवी किविटी यांचे केव्हीएम २००६ मध्ये जाहीर होऊन फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० मध्ये समाविष्टही झाले. याउलट, २००३ मधील झेनच्या यजमान-भागास मूळ कर्नलमध्ये पूर्ण स्थान मिळण्यास २०११ साल उजाडले.

हा फरक केवळ योगायोगाचा नव्हे. झेन लिनक्सच्या खाली स्वतंत्र नियंत्रक उभा करते. केव्हीएमने आभासी यंत्रास सामान्य प्रक्रिया मानून कर्नलचेच कार्यनियोजन व स्मृतिव्यवस्थापन वापरले. कर्नलच्या संरचनेत ते एक ऐच्छिक मॉड्यूल ठरले. तात्पर्य, प्रस्थापित व्यवस्थेशी जुळवून घेणारे तंत्र लवकर स्वीकारले जाते.