मुलांच्या हातात कॅमेरा: फोटोतून व्यक्त होणं म्हणजे नेमकं काय?

वस्तीतल्या मुलांचे फोटो आपण भरपूर पाहतो. संस्थांच्या अहवालात, वर्तमानपत्रात, दिवाळीत फराळ वाटतानाच्या पोस्टमध्ये. या प्रत्येक फोटोत मूल कॅमेऱ्यासमोर असतं. कुठे उभं राहायचं, हसायचं की नाही, फोटो कुठे टाकायचा, हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. आता तोच कॅमेरा त्या मुलाच्या हातात दिला तर?

हा प्रयोग जगात जवळपास 50 वर्षांपासून होतोय. त्यातून काय कळलं आणि तुमच्या घरी ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या स्मार्टफोनवर तो कसा करता येईल, ते पाहूया.

केंटकी: स्वप्नांचे फोटो

वेंडी इवाल्ड ही अमेरिकन फोटोग्राफर 1970 च्या दशकात केंटकी राज्यातल्या डोंगराळ, कोळसा खाणींच्या भागात राहायला गेली आणि तिथल्या शाळांमधल्या मुलांना फोटोग्राफी शिकवू लागली. मुलांकडे कोडॅकचे साधे इन्स्टामॅटिक कॅमेरे होते. फिल्मचं कार्ट्रिज आत टाकायचं आणि बटण दाबायचं, फोकस जुळवायची भानगडच नाही. फोटो धुणं आणि छापणंही मुलंच शिकली.

तिने दिलेले विषय साधे होते: मी, माझं कुटुंब, माझे प्राणी आणि माझी स्वप्नं. आता स्वप्नाचा फोटो कसा काढणार? मुलांनी मित्रांना, भावंडांना घेऊन प्रसंगच उभे केले. एका फोटोत एक मुलगा झाडाच्या फांद्यांमध्ये निपचित पडलेला दिसतो. फोटो काढणाऱ्याला स्वप्न पडलं होतं, की आपण आपल्या जिवलग मित्राला मारलं! ही भीती त्या मुलाने निबंधात कदाचित कधीच लिहिली नसती. हे फोटो 1985 साली 'पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स' या पुस्तकात आले.

पुढे इवाल्डने गुजरातमधल्या एका गावातल्या मुलांसोबतही असंच काम केलं. 1996 साली आलेल्या त्या पुस्तकावर तिच्या नावासोबत गावातल्या मुलांनाही लेखक म्हणून श्रेय आहे.

सोनागाची: कौतुक आणि आक्षेप

आपल्या देशातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोलकात्याच्या सोनागाचीतलं. झाना ब्रिस्की या फोटोग्राफरने तिथल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांना साधे फिल्म कॅमेरे दिले. त्यावरच्या 'बॉर्न इंटू ब्रॉथेल्स' या माहितीपटाला 2005 साली ऑस्कर मिळाला. एका मुलाला तर फोटोग्राफीमुळे ॲमस्टरडॅमला जाण्याची संधी मिळाली.

पण कहाणीला दुसरी बाजूही आहे. तिथल्या लैंगिक श्रमिकांच्या दरबार महिला समन्वय समितीने या चित्रपटावर कडक टीका केली. स्त्रियांचं चित्रीकरण छुप्या कॅमेऱ्याने केल्याचा आणि आयांचं चित्र एकांगी रंगवल्याचा त्यांचा आक्षेप होता.

म्हणजे बघा, मुलांच्या हातात कॅमेरा आला, तरी त्यांची गोष्ट जगाला कशी सांगायची हे मोठी माणसंच ठरवत होती. कॅमेरा देणं ही फक्त पहिली पायरी आहे. फोटो निवडणं, त्याबद्दल बोलणं आणि तो कोणाला दाखवायचा हे ठरवणं, हेसुद्धा मुलाकडे असेल तरच ते व्यक्त होणं.

जुन्या फोनवर कसं करायचं?

1. फोन रिकामा करा. रिसेट मारा, सिम काढा, वायफाय बंद ठेवा. अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग आणि आयफोनमध्ये गायडेड ॲक्सेस वापरलं तर फोन फक्त कॅमेरा ॲपवरच राहतो.

2. ब्युटी फिल्टर बंद करा. बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि चेहरा गोरा, गुळगुळीत करतो. मुलाला स्वतःचा खरा चेहरा दिसू द्या.

3. फोटोंची मर्यादा ठरवा. फिल्मच्या एका रोलवर साधारण 36 फोटो निघायचे, म्हणून प्रत्येक फोटोआधी विचार व्हायचा. फोनवर 200 फोटो निघतात आणि एकही लक्षात राहत नाही. एका आठवड्याला 24 फोटो पुरे.

4. विषय द्या, उत्तर देऊ नका. 'माझी सकाळ', 'मला न आवडणारी जागा', 'घरातला आवाज'. गरिबी दाखव, असं सांगू नका.

5. तीनच फोटो निवडायला सांगा. कोणते ते मुलानेच ठरवायचं. तुम्ही फक्त एवढंच विचारा: हाच का? उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तुम्हाला हललेला वाटणारा फोटो कदाचित त्याचा सगळ्यात आवडता असेल.

शेअर करण्याआधी थांबा

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असतात. म्हणजे एका फोटोवरून मुलाचं घर सापडू शकतं. त्यामुळे कॅमेरा सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते.

परवानगी पालकांची घ्या, मुलाची घ्या आणि फोटोत दिसणाऱ्या माणसाचीही घ्या. मूल उद्या 'नको' म्हणालं तर फोटो काढून टाका. श्रेय देताना मुलाचं पूर्ण नाव, शाळा किंवा पत्ता नको; त्याने स्वतः निवडलेलं टोपणनाव चालेल.

आणि एक प्रिंट नक्की काढा. फोन बिघडतो, मेमरी भरते, पण भिंतीवर लावलेला फोटो राहतो. तो कुठल्या भिंतीवर लावायचा, हेही त्यालाच विचारा.