अभ्यासक्रमात मुलांचा वाटा: कशात, किती आणि कोणत्या वयात

17 जून 2025च्या शासन निर्णयातल्या एका अटीकडे भाषेच्या वादात पुरेसे लक्ष गेले नाही. पहिलीपासून तिसरी भाषा सर्वसाधारणपणे हिंदी राहील. मात्र एखाद्या शाळेत एका इयत्तेतल्या किमान 20 विद्यार्थ्यांनी दुसरी भारतीय भाषा शिकण्याची इच्छा दाखवली, तर तिच्यासाठी शिक्षक दिला जाईल किंवा ती ऑनलाइन शिकवली जाईल, अशी ती अट. राज्यभरातून विरोध झाल्यावर 29 जूनला हा निर्णय आणि त्याआधीचा 16 एप्रिलचा निर्णय, दोन्ही मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अट गेली, पण तिच्या पोटातला प्रश्न कायम आहे. शाळेत काय शिकवायचे हे ठरवताना विद्यार्थ्याच्या इच्छेला निर्णायक वजन द्यावे का? द्यावे तर कोणत्या बाबतीत?

हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेवरच्या तीन शेजारी शहरांत तपासून पाहण्यासारखा आहे. प्रश्नाची एकेक बाजू इथे प्रत्यक्ष घडून गेलेली दिसते.

सुरुवात उल्हासनगरपासून करू. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नव्या वसाहतीची कोनशिला बसली. या लोकांनी आपल्या भाषेच्या शाळा उभ्या केल्या. 1967च्या जानेवारीत बालभारतीची स्थापना झाली, एप्रिलमध्ये सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला, आणि पुढे बालभारतीने सिंधीतूनही पाठ्यपुस्तके काढली. म्हणजे घटनेची मान्यता होती, पुस्तके होती, बोलणारा समाज एका गावात एकवटलेला होता. तरीही सिंधी माध्यम पिढीगणिक आटत गेले आणि त्याची जागा इंग्रजीने घेतली. कुणी बंदी घातली नव्हती. घराघरांतून निवड होत गेली, आणि व्यापार, नोकरी, परदेशगमन यांचा हिशेब पाहता ती समजण्याजोगी होती.

या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. निवड मोकळी सोडली की जे आधीच बलवान आहे तेच निवडले जाते. एकेका कुटुंबासाठी योग्य असलेला निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला की एक भाषा वर्गाबाहेर जाते, आणि तो परिणाम त्यांतल्या कुणालाच नको असतो. आता त्या 20च्या अटीकडे पाहा. वर्गात सिंधी घरातली सहाच मुले असतील तर त्यांची इच्छा अटीच्या खालीच राहणार. इच्छांची मोजणी ज्यांची संख्या मोठी त्यांचेच रक्षण करते. शिवाय पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाची 'इच्छा' म्हणजे अर्जावरची पालकाची सही. तिला विद्यार्थ्याचा सहभाग म्हणणे बरोबर नाही.

मग मुलांना विचारूच नये का? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 'काय शिकवावे' हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात निदान चार वेगळे निर्णय गुंतलेले आहेत. शिक्षणाची उद्दिष्टे कोणती, हा पहिला. त्यांसाठी कोणता आशय निवडायचा, हा दुसरा. तो आशय कोणत्या क्रमाने, कोणत्या वेगाने आणि रीतीने द्यायचा, हा तिसरा. आणि मुलाच्या गावाशी, घराशी, आजच्या जगण्याशी त्याची सांगड कुठे घालायची, हा चौथा. सहभागाचे समर्थक आणि विरोधक बहुधा वेगवेगळ्या निर्णयांबद्दल बोलत असतात, म्हणून वाद संपत नाही. माझे मत असे: पहिल्या निर्णयात मुलांच्या मताला निर्णायक स्थान नसावे, दुसऱ्यात वयानुसार वाढते असावे, तिसऱ्यात त्यांची साक्ष अनिवार्य असावी आणि चौथ्यात त्यांना खराखुरा अधिकार असावा.

पहिल्याचे कारण बदलापूरने फार मोठी किंमत देऊन दाखवले आहे. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका शाळेत अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. 20 ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे स्थानकात तासन्‌तास गाड्या रोखल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शाळेत शिकवला पाहिजे असे सगळेच म्हणू लागले. पण याच महाराष्ट्रात 2007 मध्ये किशोरवयीनांसाठीच्या लैंगिक शिक्षणाला विरोध होऊन ते थांबवले गेले होते. चार वर्षांचे मूल 'मला माझ्या शरीराबद्दल शिकवा' अशी मागणी करू शकत नाही. जे त्याला सर्वांत जास्त हवे असते ते मागण्यासाठी लागणारे शब्दच त्याच्यापाशी नसतात, आणि ते शब्द देणे हे मोठ्यांचे काम आहे. उद्दिष्टे मतावर सोडता येत नाहीत ती यासाठी. 2007 मध्ये मात्र मोठ्यांनी मुलांना विचारले नाही आणि मुलांच्या वतीने नीट विचारही केला नाही. त्या विरोधाच्या केंद्रस्थानी मोठ्यांचा संकोच होता, मुलांची गरज नव्हती. मुलांना मत नाही म्हणून मोठ्यांची जबाबदारी दुप्पट होते, हे त्या वेळी विसरले गेले.

आशयाबद्दल थोडक्यात सांगता येईल. नववीच्या पुढे विषयांची निवड काही प्रमाणात आहेच, ती वाढवावी. सातवीपर्यंत पाया सर्वांना सारखाच मिळावा.

तिसऱ्या निर्णयासाठी 2019 चा आकड्यांचा वाद आठवावा. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' अशीही वाचनपद्धत आली आणि विधिमंडळापासून नाक्यापर्यंत टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते. 63 लिहिताना सहा आधी येतो, बोलताना तीन आधी येतो, त्यात जोडाक्षरे येतात, आणि मुले तिथे अडखळतात. त्यांचा उपाय बरोबर की चूक यावर मतभेद होऊ शकतात. त्यांची पद्धत मात्र शास्त्रीय होती: मूल पुन्हापुन्हा कुठे चुकते ते पाहायचे आणि त्या चुकीला पुरावा मानायचे. मुलाची चूक हेसुद्धा अभ्यासक्रमावरचे मतच आहे, फक्त ते वाचणारा माणूस लागतो. त्या जाहीर वादात भाषाभिमानी बोलले, राजकारणी बोलले, पालक बोलले. ते पुस्तक हातात असलेल्या सात वर्षांच्या मुलांना काय सोपे जाते याची चर्चा जवळजवळ झाली नाही. हे मतदानाने ठरवायचे नाही, पण मुलांच्या साक्षीशिवाय तर ते मुळीच ठरवता येत नाही.

चौथा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो इथेच सर्वांत सहज राबवता येईल. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे. पाण्याविषयी शिकलेच पाहिजे हे राज्याने ठरवले, ते योग्यच आहे. पण कोणत्या पाण्याविषयी? वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून वाहते. 1060 सालचे हे शिलाहारकालीन मंदिर पाहायला लांबून लोक येतात. तीच नदी पुढे औद्योगिक वसाहतीचे आणि वस्तीचे सांडपाणी घेत उल्हासनगरातून जाते. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे रंगीत पाणी तिच्यात सोडले जाण्याचा विषय न्यायालयापर्यंत गेला. बदलापूरच्या मुलांचा पाण्याचा अनुभव आणखी वेगळा आहे: 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, शहरातल्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. या मुलांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या बंधाऱ्याची माहिती पाठ करून जलसुरक्षेचे गुण मिळवावेत, हे मला पटत नाही. प्रकल्पाचा विषय वर्गाने ठरवावा. नळाला पाणी कोणत्या धरणातून येते, आठवड्यातून किती तास येते, आमच्या इमारतीला टँकर का लागतो, नदीचा रंग कोणत्या वारी बदलतो, पुराची रेषा आमच्या भिंतीवर कुठवर होती. पंधरा वर्षांच्या मुलांना हे प्रश्न पडतात, आणि त्यांची उत्तरे शोधताना रसायनशास्त्र, भूगोल, नागरिकशास्त्र सगळेच लागते. उद्दिष्ट राज्याचे, प्रश्न मुलांचे, शिस्त शिक्षकाची, अशी ही वाटणी आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्यात हे नवीनही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी काम करताना शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. गुरे राखणारे मूल वर्गात येत नाही याचा अर्थ त्यांनी 'मूल नालायक' असा केला नाही, 'शाळेची मांडणी चुकली' असा केला. मुलाच्या गैरहजेरीलाही त्यांनी मत मानले.

कायदाही याला अनुकूल आहे. मुलाशी संबंधित प्रत्येक बाबीत त्याला मत मांडू द्यावे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावे, असे बालहक्क संहितेचे बारावे कलम सांगते. भारताने ती संहिता डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारली. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 29 मध्ये अभ्यासक्रम ठरवताना मुलाला भीतीपासून मुक्त करणे आणि मते मोकळेपणाने मांडायला मदत करणे, हा निकष दिला आहे. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीवर विद्यार्थी प्रतिनिधींनाही जागा आहे. पण समितीचे काम शाळेचा कारभार, विकास आराखडा आणि अनुदान यांपुरते आहे, अभ्यासक्रम तिच्या कक्षेत नाही. आणि विनाअनुदानित खाजगी शाळांना अशा समितीची सक्तीच नाही. या तीन शहरांत अशा शाळा भरपूर आहेत, त्यामुळे इथल्या असंख्य मुलांना ही अर्धी खुर्चीही मिळत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. मुलांना अधिकार दिला की बोलकी, आत्मविश्वास असलेली, घरी पुस्तके असलेली मुलेच तो वापरतील, आणि झोपडपट्टीतल्या किंवा नुकत्याच स्थलांतर करून आलेल्या कुटुंबातल्या मुलाचा आवाज दबलेलाच राहील. आक्षेप खरा आहे. म्हणूनच हात वर करून मते मोजण्यापेक्षा लेखी, निनावी आणि मुलाच्या स्वतःच्या भाषेत मत घेण्याची पद्धत हवी, आणि शिक्षकाने त्या मतांचे काय केले हे वर्गाला सांगण्याचे बंधन हवे. उत्तर न देता मत विचारत राहिले तर मुले दोन वर्षांत बोलणे बंद करतील.

उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, आणि इथल्या खाजगी शाळांचे चालक यांना माझी विनंती आहे. पुणे-मुंबईहून नवा आदेश येण्याची वाट पाहू नका. येत्या जूनपासून सहावी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात प्रकल्पाचा विषय मुलांना ठरवू द्या, प्रत्येक सत्राअखेरीस 'काय समजले नाही आणि का' हे त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि ते कागद शिक्षकांच्या बैठकीत वाचा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, आणि आजच्या कायद्यात त्याला कुठलीही आडकाठी नाही.