कमरेची कट्यार, बागचे लोखंड

शस्त्रांचा इतिहास सांगताना आपल्याकडे मान मिळतो तो तलवारीला. पोवाड्यात ती, पुतळ्याच्या हाती ती आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर ढालीआड तिरपी लावलेलीही तीच. परंतु स्वारी संपली की तलवार खुंटीला लागे; अष्टौप्रहर अंगाशी राही ती शेल्यात खोचलेली कट्यार, बिचवा किंवा साधा सुरा. माळव्यातील आम्हां मराठी घरांत खंडेनवमीला पाटावर आयुधे मांडली जातात, तेव्हा हळदकुंकू लावताना धाकटी पिढी विचारते, ‘ही कोणाची?’ त्याला उत्तर असते. पणजोबांची, खापरपणजोबांची, अमुक लढाईतली. मात्र ‘ही घडवली कोणी?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि विचारला तर उत्तर मिळत नाही. या लेखाचा विषय तो दुसरा प्रश्न आहे.

पाते पारखण्याचे शास्त्र माळव्याला नवे नाही. सहाव्या शतकात अवंती देशी होऊन गेलेल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त खड्गलक्षणाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. पन्नास अंगुळांचे पाते उत्तम, पंचवीस अंगुळांचे कनिष्ठ, असे माप तेथे आहे. पोलादाला पाणी देण्याच्या कृतीही आहेत आणि त्यांपैकी एकीत केळीचा क्षार घातलेले ताक वापरावयास सांगितले आहे. धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त खड्गपरीक्षेची आठ लक्षणे येतात. त्यांत पात्याच्या रूपाबरोबर त्याच्या ध्वनीचाही विचार केला आहे. आजही जाणता लोहार पात्यावर नख मारून कान देतो, ते उगीच नव्हे.

वराहमिहिराने शस्त्र बाळगणाऱ्यासाठी काही निर्बंधही घातले आहेत. कारणावाचून पाते म्यानाबाहेर काढू नये, त्यात आपले मुख पाहू नये, त्याची किंमत सांगू नये, ते कोणत्या देशीचे हेही सांगू नये आणि अशुचि असताना त्याला हात लावू नये. शस्त्र बाळगणाऱ्याचा संयम कसा असावा हे याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे. यातले बहुतेक निर्बंध आपल्या वडीलधाऱ्यांनी, ग्रंथाचे नावही ठाऊक नसताना, कटाक्षाने पाळले.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्यास चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरधर बहादुर याचा पराभव केला. त्या लढाईत गिरधर बहादुर मारला गेला आणि मराठ्यांना माळव्याची वाट मोकळी झाली. पवार धार व देवासास स्थिरावले, होळकर इंदुरास, शिंदे उज्जैनीस. त्यांच्या मागोमाग आपली घराणी आली. त्यांच्या कमरेला काय होते हे संग्रहालयांतील नमुन्यांवरून सांगता येते. कट्यारीची मूठ दोन आडव्या दांड्यांची असते. ती मुठीत धरली की पाते मनगटाच्या सरळ रेषेत पुढे येते आणि सारा जोर अणीवर एकवटतो. चिलखताच्या कड्या फोडता याव्यात म्हणून पुष्कळ कट्यारींची अणी मुद्दाम जाड ठेवलेली दिसते. बिचव्याचे पाते विंचवाच्या नांगीसारखे दुहेरी वळणाचे. पेशकब्जाची पाठ इतकी जाड की छेद घेतला तर अक्षर टी सारखा दिसावा. काही कट्यारींना चक्क फिरंगी तलवारीचे तुकडे बसवलेले आढळतात. युरोपात घडलेले पोलाद तुटल्यावरही येथे वाया जात नसे.

ही पाती तयार मालाच्या ढिगातून उचललेली नसत. मूठ हाताच्या मापाची हवी. पंजा रुंद असेल तर दोन दांड्यांमधले अंतर वाढवावे लागे. ऐपतीप्रमाणे मुठीवर सोन्याची कोफ्तगारी होई, म्यानाला मखमल व तहनाळ लागे. लोहार पाते घडवी, शिकलगार त्याला शिकल करी, म्यान करणारा निराळा, सोनार निराळा. चार कारागिरांच्या हातांतून गेलेल्या वस्तूवर शेवटी नाव राही ते फक्त धन्याचे.

मग हे लोखंड कोठले? सगळ्याचा माग लागणार नाही, पण एक ठिकाण आपल्या अगदी शेजारी आहे. धार जिल्ह्यातील बाग म्हटले की आपल्याला गुंफांतील चित्रे आठवतात, अलीकडे खत्री कारागिरांची ठशांची छपाई आठवते. त्याच बागच्या डोंगरांत लोखंडाचे खनिज आहे आणि ते गाळण्याच्या भट्ट्या तेथे होत्या, हे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज नोंदींत आढळते. अशी देशी भट्टी मातीची असे. आत खनिज आणि कोळसा थरांनी भरायचे, भात्याने वारा घालीत राहायचे, आणि शेवटी जो सच्छिद्र गोळा हाती येई तो तापवून, ठोकून, त्यातील मळी काढून टाकायची. याच कष्टाचे मोठे रूप पाहायचे तर धारला लाट मशिदीपुढे लोहस्तंभाचे तीन तुकडे पडले आहेत. तिन्हींची लांबी एकत्र धरली तर सुमारे ४३ फूट भरते, आणि तो ओतीव नसून तापवून, ठोकून जोडलेला आहे. असा स्तंभ उभा करणाऱ्या प्रदेशात कमरेच्या सुऱ्याला लोखंडाची वाण पडली असेल असे वाटत नाही.

हा धंदा बुडाला तो दोन बाजूंनी. आगगाडीने विलायती लोखंड स्वस्त झाले आणि १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनंतर कोळशासाठी रान तोडणे अवघड होत गेले. नर्मदाकाठी बडवाह येथे मिटांडर या स्वीडिश अभियंत्याच्या हाताखाली सरकारने आधुनिक लोखंडाचा कारखाना उभारण्याचा प्रयत्न केला, तोही १८६४ मध्ये गुंडाळला. दरम्यान १८५७ चे वादळ येऊन गेले होते. अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरास फाशी दिले गेले आणि त्यांचा मुलूख शिंद्यांकडे गेला. पुढे १८७८ चा शस्त्रकायदा आला. कमरेची कट्यार पेटीत गेली. घडवून घेणाराच उरला नाही, तेव्हा घडवणाराही नांगराच्या फाळाकडे वळला.

शस्त्र बाळगण्याचे दिवस संपले तेव्हा शस्त्र गोळा करण्याचे दिवस सुरू झाले. विल्ब्रहम एगर्टन यांनी हिंदी शस्त्रांचा सचित्र ग्रंथ १८८० मध्ये काढला. त्यांचा संग्रह मँचेस्टरला आहे. जॉर्ज कॅमरन स्टोन या अमेरिकन संग्राहकाने १९३४ मध्ये शस्त्रांचा कोश प्रसिद्ध केला आणि पुढल्याच वर्षी त्याचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाला. त्यात तंजावरच्या कट्यारी आहेत. तंजावरची मराठी गादी १८५५ मध्ये संपल्यावर तेथले शस्त्रागार मोडले. निवडक नमुने मद्रासच्या संग्रहालयात गेले आणि उरलेल्यांतील पुष्कळ शस्त्रे मोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. आपल्यासारखेच देशावरून दूर जाऊन वसलेले ते मराठी राज्य. त्याच्या हातची आयुधे आज पाहायची तर परक्या काचेआड पाहावी लागतात, आणि त्यांच्या चिठ्ठीवर घडवणाऱ्याचे नाव तेथेही नसते.

वस्तू राहते आणि तिची हकीकत हरवते, तेव्हा काय होते याचे ताजे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास प्रदर्शनासाठी आली. ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तेथे पोहोचली होती. १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगी वापरलेली ती हीच काय, हे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द ते संग्रहालय सांगते. वेळच्या वेळी केलेली एक ओळीची नोंद अशा वादाला पुरेशी ठरते. बिकानेरच्या शस्त्रागाराने ते केले होते. १६८९ मध्ये अदोणी घेतल्यावर तेथून आणलेल्या शस्त्रांवर ठिपक्यांनी अक्षरे कोरली गेली, म्हणून आज साडेतीनशे वर्षांच्या उंबरठ्यावर त्यांचे मूळ सांगता येते. अमेरिकेत हाताने सुऱ्या घडवणाऱ्यांनी १९७० मध्ये आपला संघ काढला. तेथील हौशी संग्राहक पात्याइतकाच, किंबहुना अधिक, पात्यावरच्या नावाला पैसा मोजतो. आपल्याकडे नाव कोरले गेले तरी त्यावर भिस्त ठेवता येत नाही; इस्फहानच्या असदुल्लाचे नाव तर इतक्या पात्यांवर आहे की एका जन्मात ती घडणे अशक्य.

घरात जे आहे त्याबाबत कायदा ठाऊक असलेला बरा. १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी, खंजीर, तलवार ही शस्त्रे गणली आहेत. घरकाम, शेती, शास्त्र व उद्योग यांची हत्यारे त्यातून वगळली आहेत. सरकारने अधिसूचना काढलेल्या प्रदेशात अशा शस्त्रांना परवाना लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाही. परदेशस्थ मुलाला ‘आठवण’ म्हणून कट्यार देऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बागच्या बाजाराला गेले तर मात्र असे वाटते की ही कहाणी पुरती संपलेली नाही. भिल्ल व भिलाला शेतकऱ्यांच्या हाती फालिया आणि धारिया आजही दिसतात. त्या पात्यांना कोणी कोफ्तगारी करीत नाही, पण ज्याला ती वापरायची आहे त्याला घडवणारा ठाऊक असतो. आपल्या घरांत नेमके उलटे घडले. सोन्याची मूठ जपली गेली आणि ती घडवणारे हात विस्मरणात गेले.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पेटीतील प्रत्येक पात्याची लांबी, रुंदी व वजन लिहून ठेवावे, छायाचित्र काढावे, मुठीखाली, पाठीवर, म्यानाच्या आत काही अक्षर वा खूण आहे का ते पाहावे. गंज दिसला तर चिंच-रांगोळीने घासू नये. तेलाचा हलका हात पुरे, कारण घासण्याने पोलादावरचे जौहर आणि कोरलेली खूण दोन्ही जातात. जुन्या वह्यांतून, जमाखर्चातून लोहार, शिकलगार, सोनार यांना दिलेल्या रकमा शोधाव्यात. नाव सापडण्याचा संभव आहे तो तेथेच. वराहमिहिराने पात्याचा देश सांगू नये म्हटले, आणि त्याच्या साऱ्या निर्बंधांत हाच एक आपण गरजेपेक्षा अधिक निष्ठेने पाळला. किंमत खुशाल गुप्त ठेवावी. पाते कोठल्या मातीचे आणि कोणाच्या हातचे, हे मात्र आता सांगितलेच पाहिजे.